वडापाव संपेपर्यंत

“मॅडम, ह्या पोरी पेपर सुटला की गेटवरच उत्तरं टॅली करत उभ्या राहतात. आमची घरी येते ती तोंड पाडूनच. मग जेवण नाही, दुसऱ्या पेपरचं पुस्तक उघडणं नाही. तुम्ही तिला जरा सांगा ना, झालेला पेपर विसर म्हणून.”

बारावीची परीक्षा सुरू झाली की ही तक्रार घेऊन माझ्याकडे, म्हणजे कॉलेजच्या समुपदेशकाकडे, कुणी ना कुणी येतंच. बहुतेकदा आई येते. वडील आलेच तर “एवढं काय त्यात?” म्हणून बाहेर फोनवर बोलत उभे राहतात. आणि मागणी ठरलेली: ‘विसर म्हणून सांगा.’ आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या पॅसेजमध्ये माझ्याच अक्षरातला एक चार्ट होता, लाल स्केचपेनने लिहिलेला. ‘झालेला पेपर विसरा, पुढच्याची तयारी करा.’ चारेक वर्षं तो तिथे होता. मी तो काढून टाकला त्याला कारण झाली एक मुलगी. तिला ऋतुजा म्हणू. नावं, राहण्याची ठिकाणं आणि प्रश्नपत्रिकेतला तो प्रश्नसुद्धा मी बदलून लिहिते आहे. ती आणि या गोष्टीतल्या बाकी तिघी अजून मैत्रिणी आहेत, तेव्हा एवढी काळजी घ्यायलाच हवी.

ऋतुजा भांडुपची, टेंभीपाड्याकडची. वडील बेस्टमध्ये ड्रायव्हर. आई पहाटे उठून एका पोळी-भाजी केंद्रासाठी चपात्या लाटायची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, ८८ टक्के, आणि मग मुलुंडला इंग्रजीतून कॉमर्स. मुंबईत हे इतकं सर्रास चालतं की त्यात काही घडलंय असं कुणाला वाटतच नाही. मे महिन्याच्या एका सुट्टीत मुलांची भाषा बदलते. मागणीचं ‘डिमांड’ होतं, पुरवठ्याचं ‘सप्लाय’, आणि घरचे धरून चालतात की पोरगी हुशार आहे, जमवेल. हिने जमवलंही होतं. प्रिलिममध्ये पहिल्या दहात होती. सीए व्हायचं होतं, आणि ते नुसतं ‘व्हायचंय’ नव्हतं, सीएच्या पहिल्या परीक्षेचा, फाउंडेशनचा, फॉर्म कधी निघतो, कुठल्या पेपरला काय असतं हे तिला तोंडपाठ होतं.

गुरुवारी इकॉनॉमिक्सचा पेपर झाला आणि शुक्रवारी दुपारी माय-लेकी माझ्यापुढे बसल्या. माझी खोली जिमखान्याला लागून आहे. परीक्षेच्या दिवसांत सुद्धा पलीकडे कुणीतरी कॅरम खेळत असतं. स्ट्रायकरचा प्रत्येक आवाज झाला की ऋतुजा दचकायची.

पहिल्या पाच मिनिटांत मी जे विचारायचं ते सरळ विचारते. झोप किती झाली, पोटात काय गेलं, आणि ‘मरून जावं’ असं मनात आलं का. हा प्रश्न ऐकून आया माझ्याकडे रागाने बघतात. पण विचारल्याने तसलं काही डोक्यात भरत नाही, उलट असलेलं बाहेर येतं. ऋतुजा “नाही मॅडम, तसं नाही” म्हणाली आणि तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा असंच तिचं बोलणं होतं. झोप मात्र दोन तासच झाली होती. (तुमच्या घरी उत्तर ‘हो’ असेल, किंवा मूल ‘माझं आता काही खरं नाही’ हे पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर ‘डायलॉग मारू नकोस’ म्हणून उडवून लावू नका. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, सरकारी, फुकट, रात्री-अपरात्रीसुद्धा लागतो. मुलाला एकटं सोडू नका आणि आधी तो लावा.)

मग तिने गेटवर काय झालं ते सांगितलं.

बारावीचा इकॉनॉमिक्सचा लेखी पेपर ८० मार्कांचा, उरलेले २० कॉलेजच्या हातात. पहिलाच प्रश्न २० मार्कांचा ऑब्जेक्टिव्ह: पाच एमसीक्यू, पाच सहसंबंध, पाच पारिभाषिक शब्द, पाच विसंगत शब्द. प्रत्येकी एक मार्क. पेपर सुटल्यावर ‘राष्ट्रीय उत्पन्न मोजताना येणाऱ्या अडचणी’ कुणी कुणाशी ताडून बघत नाही. ते आठ मार्कांचं उत्तर कुणी किती भरलं, कसं लिहिलं, हे गेटवर उभ्या उभ्या कळायला मार्गच नसतो. फार तर “सप्लिमेंट किती लावल्यास?” एवढं विचारता येतं, आणि तीन लावणारी दोन लावणारीचं काळीज चिरून जाते. टॅली होतात ते फक्त एकेका मार्काचे प्रश्न. ८० पैकी ६० मार्कांवर कुणी बोलत नाही, कारण बोलता येत नाही. ज्या २० वर बोलता येतं, तेवढाच पेपर होता असं संध्याकाळपर्यंत मुलांना वाटायला लागतं.

तर त्या पाच एमसीक्यूंपैकी एक साधारण असा होता: इतर घटक कायम असताना वस्तूची किंमत कमी झाल्यामुळे मागणीत होणारी वाढ म्हणजे काय? ऋतुजाने लिहिलं ‘एक्सपान्शन ऑफ डिमांड’. वडापावच्या गाडीपाशी कोमल म्हणाली, “ते इन्क्रीज आहे ना?” श्रेया म्हणाली, “हो, मी पण इन्क्रीजच लिहिलंय.” दियाने मान डोलावली. ऋतुजा गप्प. तिच्या हातातला वडापाव तसाच राहिला आणि मुलुंड ते भांडुप मधल्या एका नाहूर स्टेशनात तिने मनातल्या मनात आणखी दोन उत्तरं चूक ठरवली.

यातल्या एका उत्तरावर ती फारच चिडली होती. शेवटच्या दहा मिनिटांत तिने ते खोडून बदललं होतं. “पहिलं डोक्यात येतं तेच बरोबर असतं मॅडम, सगळे सांगतात. मी कशाला बदललं!” हे ‘सगळे सांगतात’ मी पंचवीस वर्षं ऐकते आहे, आणि खरं सांगायचं तर पूर्वी मीही सांगायचे. २००५ साली जस्टिन क्रूगर आणि त्याच्या दोघा सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इलिनॉय विद्यापीठातल्या दीड हजारांवर विद्यार्थ्यांच्या बहुपर्यायी उत्तरपत्रिकांतली खाडाखोड त्यांनी तपासली. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीची बरोबर झाली होती आणि २५ टक्के बरोबरची चूक. बाकीची चुकीची चुकीचीच राहिली. म्हणजे बदलून फायदा झालेले दुप्पट. पण बदलून घालवलेला मार्क माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही आणि बदलून मिळालेला मार्क आपलाच होता असं धरून चालतो. गेटवर ‘मी बदललं आणि गेलं’ हेच ऐकू येतं. ‘मी बदललं आणि मिळालं’ म्हणून कुणी हळहळत नाही ना.

रात्री साडेनऊला क्लासच्या ग्रुपवर कुणीतरी एक आन्सर की टाकली. कुणी बनवली माहीत नाही, ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’वाली. त्यात ‘इन्क्रीज’. साडेदहाला दुसरी आली, त्यात ‘एक्सपान्शन’. दोन आन्सर की, दोन उत्तरं, आणि एक वाजेपर्यंत भांडण. मधेच कुणीतरी लिहिलं की प्रश्नच चुकीचा होता, सगळ्यांना मार्क मिळणार. ही आशा मुलांना अगदीच हवेतून मिळालेली नाही. २०२३ मध्ये बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात खरोखरच घोळ झाला होता आणि मंडळाने सहा मार्क द्यायचा निर्णय घेतला होता. तेव्हापासून मुलं उत्तरं तपासतात आणि त्याबरोबर प्रश्नही तपासतात. काम दुप्पट झालंय.

ऋतुजाने विश्वास ठेवला तो पहिल्या कीवर. दुसरी तिने नीट वाचलीसुद्धा नाही.

“माझे तीन गेले मॅडम,” ती म्हणाली. “पाचातले तीन. आणि फाउंडेशनला चौथा पेपर बिझनेस इकॉनॉमिक्सचा आहे, शंभर मार्कांचा, सगळाच ऑब्जेक्टिव्ह. तिथे चुकलं की पाव मार्क कापतात. मला पाच जमत नाहीत तर शंभर काय जमणार?”

मी हिशेब मांडायला गेले. सहा विषय, ६०० मार्क, एक मार्क म्हणजे ०.१७ टक्का, तीन गेले तरी अर्धा टक्का. ती ऐकून घेत होती, मोठ्यांचं ऐकून घ्यावं तसं. हिशेब तिला माझ्यापेक्षा चांगला येतो. अर्ध्या टक्क्यासाठी कुणी रात्रभर जागत नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कळलं नाही, आणि पुढची चूक माझी. “मॅडम, तुमचं पण इकॉनॉमिक्सच होतं ना? एवढं एकच सांगा, काय बरोबर?” असं तिने विचारलं. मी बी.ए. इकॉनॉमिक्स केलंय, जुनं का होईना. आणि समुपदेशक झालं तरी उत्तर येत असलं की हात वर करायची सवय जात नाही. मी पुस्तक काढून दाखवलं: फक्त किंमत घसरल्याने मागणी वाढली तर तो विस्तार, एक्सपान्शन, त्याच मागणी वक्रावरून खाली सरकणं. उत्पन्न वाढलं, आवड बदलली, अशा दुसऱ्या कारणाने वाढली तर ती वृद्धी, इन्क्रीज, आणि तेव्हा अख्खा वक्रच उजवीकडे सरकतो. “तुझं बरोबर आहे. त्या तिघींचं चुकलं.”

पोरगी रडली. आईने हात जोडले. मला फार छान वाटलं. घरी जाताना मी स्वतःसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला, इतकं छान.

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मेसेज. ‘गुड मॉर्निंग मॅडम. एकच विचारू?’ खाली तीन प्रश्न. पेट्रोल महागलं तर गाड्यांच्या मागणीचं काय, मिठाची मागणी लवचिक की अलवचिक, आणि विसंगत शब्दातला एक. आठ वाजता, ‘सॉरी, अजून एकच.’ सोमवारी अकाउंट्सचा पेपर आणि ही मुलगी अजून गुरुवारातच.

मराठीत खाजवून खरूज काढणं म्हणतात. खाजवताना बरं वाटतं, नाही असं नाही. म्हणूनच तर हात पुन्हा तिथे जातो. ‘तुझं बरोबर आहे’ हे वाक्य म्हणजे माझं खाजवणं होतं. शंका आली की कुणाला तरी विचारायचं, दोन तास थंड, पुन्हा शंका, पुन्हा विचारायचं. चिंतेच्या कामात हे नेहमीचंच आहे आणि मी नव्या समुपदेशकांना ते शिकवतेही. शिकवणं वेगळं. मी तिच्या ग्रुपवरची तिसरी आन्सर की झाले होते, इतकंच.

तिला अकरा वाजता बोलावलं. एकटीला. आईला म्हटलं, ताई, आज तुम्ही घरी थांबा.

यावेळी पुस्तक बंद ठेवलं. तिला म्हटलं, गुरुवारी दुपारपासून आत्तापर्यंत किती वेळा तपासलंस, आठवून एका कागदावर तक्ता कर. एका बाजूला कितवी वेळ, दुसऱ्या बाजूला त्या वेळी तुला काय मिळालं. एककांत लिही, तुमच्या पुस्तकात घटत्या सीमांत उपयोगितेच्या नियमाचा असतो तसा: एकामागून एक सफरचंद खाल्लं की दर पुढच्यातून मिळणारं समाधान कमी होत जातं. तिला गंमत वाटली. पेन्सिल घेऊन बसली. चौदा वेळा तपासलं होतं. पहिल्या खेपेला कळलं की दोन नक्की बरोबर आहेत: दहा एकक. दुसऱ्या खेपेला आणखी एक कळलं: चार. तिसऱ्या खेपेला शून्य. चौथ्यापासून पुढे तिने वजा चिन्हं घालायला सुरुवात केली आणि हात चालवत राहिली. मग थांबून तक्त्याकडे बघितलं.

“टोटल तर दुसऱ्या-तिसऱ्यालाच मॅक्झिमम होती मॅडम. तिथून पडतेय.”

“मग?”

“मग रॅशनल कंझ्युमर थांबला असता.” जरा हसली. पण हुशार मुलांना फसवणं सोपं नसतं. दोन मिनिटांनी म्हणाली, “पण ह्या लॉला अपवाद आहेत. छंद, कंजूष, व्यसन. दारुड्याला दर ग्लासाला जास्तच हवीशी वाटते, असं दिलंय. हे तसलं आहे का?”

मला सुचलं नसतं हे. म्हटलं, असेल. पुस्तकात पुढे काय म्हटलंय? तिला आठवत होतं: असे अपवाद वरवरचे, कधी ना कधी नियम तिथेही लागू पडतो. “कधी ना कधी म्हणजे किती वाजता ते नाही दिलेलं,” ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो. पलीकडे क्वीन गेली असावी, मोठा गलका झाला, आणि ती दचकली नाही हे मी टिपलं.

मग मी कालच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. “तीन विरुद्ध एक होतं. तू बरोबर होतीस. दुसरी की पण तुझ्याच बाजूने होती. मग तुला स्वतःचं उत्तर एवढ्या पटकन खोटं का वाटलं?”

बराच वेळ गेला. मी पाणी दिलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. शांतता भरून काढायची घाई झाली की समोरचं माणूस सोपं उत्तर देऊन मोकळं होतं.

“त्या पहिलीपासून इंग्लिश मीडियमच्या आहेत ना मॅडम.”

आणि मग सगळं आलं. अकरावीत पहिल्या दिवशी तिने ‘debt’ म्हणजे कर्ज हा शब्द म्हणताना त्यातल्या न उच्चारायच्या ‘बी’चा उच्चार केला होता आणि मागचा बाक हसला होता. तेव्हापासून ती वर्गात आधी मराठीत विचार करते, मनात इंग्रजी वाक्य जुळवते, मग हात वर करते, तोवर दुसरं कुणीतरी उत्तर देऊन टाकतं. गेटवर श्रेया ‘इन्क्रीज’ म्हणाली तेव्हा हिच्या मनात आलं, बरोबर, वाढ म्हणजे इन्क्रीजच. शेंबड्या पोराला कळेल. मी ‘एक्सपान्शन’ कुठून आणलं? पाठ केलेला भलताच शब्द चिकटवला असणार. यांना इंग्लिश समजतं, मला पाठ असतं.

“आणि ते एक्सपान्शन खरंच कुठून आणलंस?”

इथे ती लाजली. मामेभावाचं मराठी माध्यमाचं अर्थशास्त्राचं पुस्तक तिच्याकडे होतं. बालभारतीचंच, धडे तेच, भाषा आपली. इंग्रजी पुस्तकाच्या खाली ते ठेवून ती दोन्ही शेजारी शेजारी वाचायची. दोन वर्षं. मैत्रिणी घरी आल्या की गादीखाली सारायची. त्या पुस्तकात ‘विस्तार’ वेगळा आणि ‘वृद्धी’ वेगळी असं स्वच्छ लिहिलेलं. आपण बोलताना दोन्हीला वाढच म्हणतो. पुस्तकाला तसं म्हणून चालत नाही, म्हणून त्याने दोन शब्द दोन बाजूंना ठेवलेत. तिला तो फरक कळला होता तो मराठीतून. ज्या पुस्तकाची तिला लाज वाटत होती, त्यानेच तिला तो मार्क दिला होता.

हे मी तिला सांगितलं नाही. तिनेच बोलता बोलता मधेच “अय्या” म्हटलं.

तीन जण एकसुरात एक म्हणाले की चौथ्याच्या डोळ्यांनाही वेगळं दिसायला लागतं. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात साध्या रेघा दाखवून हे करून बघितलं होतं. कुठली रेघ कुठल्या रेघेएवढी आहे इतकाच प्रश्न, उत्तर ढळढळीत समोर. पण आधी शिकवून ठेवलेली मंडळी एकमुखाने चुकीचं बोलली की खऱ्या उमेदवाराची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे जायची. आणि तिथे सगळे अनोळखी होते, रेघ चुकली म्हणून कुणाचं काही बिघडणार नव्हतं. गेटवर तर मैत्रिणी असतात, भूक असते, तीन तास लिहून हात दुखत असतो. वर गेटवर ताडली जाते ती आठवण. उत्तरपत्रिका केव्हाच गठ्ठ्यात गेलेली, प्रश्नपत्रिकेवर खुणा करायच्या नाहीत असं सुपरवायझरने बजावलेलं. आपण काय लिहिलं याचीच खात्री नसलेल्या चौघी एकमेकींना तपासत असतात.

म्हणून आई-वडिलांना मी आता ‘कसं थांबवायचं’ यावर उत्तर देत नाही, आधी ‘कशासाठी विचारते’ ते बघायला सांगते. त्याच चौघींतल्या दियाने सुद्धा टॅली केलं, तिचे दोन गेले, ती म्हणाली “जाऊ दे, भूक लागलीय” आणि घरी जाऊन झोपली. तिला कुणी काही शिकवायची गरज नाही. कोमलला आपला नंबर कितवा ते हवं असतं. ऋतुजा मात्र दर उत्तरामागे एकच विचारत होती, मी ह्यांच्यात शोभते का. त्याचं उत्तर कुठल्याच आन्सर कीमध्ये नसतं, मग ती चौदा वेळा उघडली काय नि चाळीस वेळा. आणि सरसकट ‘टॅली वाईट’ असंही म्हणता येणार नाही. फाउंडेशनच्या सराव परीक्षांत उत्तर ताडून बघणं हाच अर्धा अभ्यास असतो, कारण तिथे चूक कळली की पुढच्या वेळी सुधारता येते. गुरुवारच्या पेपरात सुधारायला काही उरलेलं नव्हतं.

सोमवारचं काय करायचं? गेटवर थांबायचंच नाही, हा आईचा तोडगा. ऋतुजाने लगेच मोडून काढला. “मी एकटी खाली मान घालून निघाले तर म्हणतील, शाणी झाली. अजून तीन पेपर आहेत मॅडम, ह्याच तिघींबरोबर ट्रेनने यायचंय.” बरोबर होतं तिचं. परीक्षेच्या ऐन मध्यात मैत्रिणी तोडायला लावणारा सल्ला काय कामाचा. मग तिनेच काढलं: वडापाव संपेपर्यंत. हातात वडापाव असेतो काय वाटेल ते बोलायचं, टॅली करायचं, रडायचं. संपला की विषय संपला. फोन घरी जाऊन आईकडे. मी एकच पुस्ती जोडली, की मला मेसेज करायचा तर कर, पण उत्तर बरोबर की चूक ते मी सांगणार नाही. “अजिबात?” “अजिबात.” तिला ते आवडलं नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. दारात ‘पेपर कसा गेला’ विचारू नका म्हटल्यावर त्या वैतागल्या. “मग काय विचारू? परक्यासारखी गप्प बसू?” म्हटलं, जेवायला काय वाढू ते विचारा. “ते तर मी विचारतेच.” जरा थांबून म्हणाल्या, “पण नंतर विचारते.” वडिलांचं वेगळंच. ते तोंडाने काही विचारत नसत, पण ड्यूटीवरून आले की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने अंदाजे मार्क मांडून टक्के काढायचे. ऋतुजाला ते दिसायचं. ते कॅलेंडर परीक्षा संपेपर्यंत कपाटात गेलं. माझा चार्टही त्याच सोमवारी निघाला. भिंतीला चार टाचण्यांची भोकं अजून आहेत.

आता अकाउंट्सच्या पेपरनंतर काय ताडतात हे कॉमर्सवाल्यांना सांगायला नको. “बॅलन्स शीट कितीची टॅली झाली?” ऋतुजाची झाली नव्हती. तिने गेटवर सरळ सांगून टाकलं, “माझी नाही झाली,” आणि मग दियाचीही नाही, श्रेयाची झाली पण आकडा कोमलपेक्षा वेगळा, असं एकेक बाहेर आलं. वडापाव संपला. कोमल म्हणाली, “अगं थांब ना, पार्टनरच्या ॲडमिशनचं सम बघू.” ऋतुजा थांबली. दुसरा वडापाव घेतला. हे तिने मला स्वतःच सांगितलं, “नियमात बसतं ना मॅडम?” असं विचारून. रात्री झोप मात्र लागली. मधल्या एका पेपरच्या आदल्या रात्री पुन्हा ‘एकच विचारू?’ आला होता. मी फक्त शुभ रात्री लिहिलं. त्यावर रागावलेलं तोंड आलं, आणखी प्रश्न आला नाही.

निकाल मेमध्ये लागला. जूनमध्ये ती लिव्हिंग सर्टिफिकेट न्यायला आली तेव्हा माझ्याकडे डोकावली, पेढे घेऊन. इकॉनॉमिक्सला ८९. मार्कशीटवर विषयाचे एकूण मार्क येतात, कुठल्या प्रश्नाला किती ते येत नाही. हवं असेल तर पैसे भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. ती मागवणार का, हे विचारायचा मोह मी आवरला. तिनेच सांगितलं की बाबा म्हणत होते मागवू या, अकरा कुठे गेले ते तरी कळेल. पण तेवढ्या पैशांत तिला फाउंडेशनचं एक जुनं पुस्तक मिळत होतं.

पिशवीतून तिने दोन पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. इंग्रजी पुस्तक लायब्ररीच्या गरीब मुलांच्या कपाटात द्यायचं होतं. मराठी तिने परत पिशवीत टाकलं.

“हे राहू दे मॅडम. चौथ्या पेपरला लागेल.”